दहा बाय बाराचा स्टुडिओ

घरच्या माणसांचे नीटस फोटो घरीच काढायचे ठरले की पहिली चौकशी होते कॅमेऱ्याची आणि दुसरी दिव्यांची. ऑनलाइन दुकानांत ‘होम स्टुडिओ किट’ म्हणून जे मिळते त्यात बहुधा दोन सॉफ्टबॉक्स, दोन स्टँड, जाडजूड बल्ब आणि पांढरा-हिरवा पडदा एवढे असते. ते घरी आले की स्टुडिओ झाला, अशी समजूत. मग मांडामांड सुरू होते आणि कळते की स्टँडचे पाय, पडद्याची चौकट, बाजूला सरकवलेला सोफा आणि पाच माणसे एका वेळी हॉलमध्ये मावत नाहीत. पडदा भिंतीला चिकटतो, माणसे पडद्याला चिकटतात, दिवे तोंडावर येतात आणि फोटो काढणारा स्वयंपाकघराच्या दारात अडकतो. शहरातल्या मराठी मध्यमवर्गीय घरातला हॉल साधारण दहा बाय बारा फुटांचा, फार तर दहा बाय पंधराचा. पैसा थोडाफार जमवता येतो, पण जागा वाढत नाही. म्हणून स्वस्त घरगुती स्टुडिओचा हिशेब आधी फुटांत करावा आणि मग रुपयांत, असे माझे म्हणणे आहे. कुठलीही वस्तू घेण्यापूर्वी ती खोलीतले किती फूट खाणार आणि किती वाचवणार, एवढे विचारले की बरीचशी खरेदी आपोआप टळते.

फुटांचे पहिले काम चेहऱ्याशी आहे. चेहरा फोटोत कसा दिसणार हे आधी ठरते ते कॅमेरा किती लांब आहे यावरून. लेन्स कुठली, हा प्रश्न त्यानंतरचा. जवळून पाहिले की कॅमेऱ्याला सर्वांत जवळ असलेले नाक मोठे होते आणि कान मागे पडतात. २०१८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात याचा हिशेब प्रसिद्ध झाला होता. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया सुमारे ३० टक्के रुंद दिसतो, असे त्यात दाखवले होते. सेल्फी पाहून नाकाच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला येणाऱ्यांना समजावण्यासाठी तो हिशेब झाला, पण घरच्या स्टुडिओवाल्यालाही तो तितकाच उपयोगी आहे. एकट्या माणसाच्या फोटोसाठी कॅमेरा आणि चेहरा यांत पाच-सहा फूट अंतर हवेच. त्या अंतरावरून मोबाइलच्या साध्या लेन्सने काढले तर माणूस लहान दिसतो आणि खोली जास्त. म्हणून दुपटीचा किंवा तिपटीचा झूम वापरायचा. साध्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सच्या हिशेबाने सहा फुटांवरून कंबरेपर्यंतचा माणूस फ्रेममध्ये येतो, पंचाऐंशीच्या हिशेबाने डोके आणि खांदे. एकट्याचा फोटो, म्हणजे, दहा बाय बारामध्ये सहज बसतो. पंचाईत होते ती कुटुंबाची.

पाच माणसे खांद्याला खांदा लावून उभी केली तर माणशी दीड फूट धरून साडेसात फूट झाले. दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवली की नऊ. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने नऊ फुटांची रुंदी टिपायला साडेबारा फूट मागे जावे लागते. त्यात माणसांमागचे दोन-तीन फूट आणि फोटो काढणाऱ्याच्या अंगाचा दीड फूट मिळवला तर सोळा-सतरा फूट. एवढी खोली कोणाकडे आहे? इथे बहुतेक जण मोबाइलच्या रुंद लेन्सचा आसरा घेतात. नऊ फूट मग साडेसहा फुटांवरूनही मावतात, पण कडेला उभ्या असलेल्या काकू उगाच ताणल्यासारख्या रुंद दिसतात आणि फोटो कुणी पाहू नये अशी त्यांची इच्छा होते, ती रास्तच. तोडगा जुन्याच स्टुडिओंनी दाखवून ठेवला आहे : दोघे खुर्चीवर, तिघे मागे उभे. रुंदी सहा फुटांवर आली की अंतर साडेआठ फुटांवर येते. मागे दोन फूट, पुढे फोटोग्राफरचा दीड, आणि बारा फुटांचा हॉल नेमका पुरतो. आजी-आजोबा खुर्चीत आणि बाकीचे मागे, ही रचना आपण मानपानाची समजतो. मानपान त्यात आहेच, पण काटकोनी खोलीत जास्तीत जास्त माणसे बसवण्याची ती सर्वांत काटकसरी रीतही आहे. कॅमेरा दाराच्या चौकटीबाहेर पॅसेजमध्ये नेता आला तर आणखी तीन-चार फूट फुकट मिळतात. घर पाहताना ती सरळ रेष शोधून ठेवावी.

आता उजेड. उजेड मऊ की कडक, हे दिव्याच्या किमतीवर किंवा ताकदीवर ठरत नाही. उजेडाचा उगम माणसाच्या जागेवरून केवढा मोठा दिसतो, यावर ते ठरते. सूर्य प्रचंड आहे, पण आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून त्याची सावली धारदार पडते. चार फुटांची खिडकी चार फुटांवरून पाहिली तर ती दृष्टीचा मोठा भाग व्यापते. तिचा उजेड नाकाला वळसा घालून पलीकडच्या गालापर्यंत पोचतो आणि सुरकुत्यांवर मायेने पडतो. किटमधला दोन फुटांचा सॉफ्टबॉक्स हेच काम करायला बघतो, पण खोलीतली जागा खातो. खिडकी भिंतीतच असते. छायाचित्रणाची पहिली काही दशके सगळे स्टुडिओ याच उजेडावर चालले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हा विजेचा दिवा नव्हताच. इंग्लंडात ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी घरामागचे कोंबड्यांचे काचेचे खुराडे रिकामे करून त्याचा स्टुडिओ केला, कोळशाच्या कोठीची डार्करूम केली, आणि तिथून निघालेली माणसांची चित्रे आजही जगभरच्या संग्रहालयांत मानाने टांगलेली आहेत. न्यूयॉर्कचे फोटोग्राफर अर्व्हिंग पेन यांनी १९४८ च्या नाताळात पेरूमधल्या कुझ्को शहरात एका स्थानिक फोटोग्राफरचा दिवसाच्या उजेडावर चालणारा स्टुडिओ काही दिवस भाड्याने घेतला होता. तिकडची हवी ती साधने ज्यांच्या हाताशी होती त्यांनी तसे केले, हे किट विकणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

मात्र या जुन्या स्टुडिओंचा एक नियम आपल्याकडे डोळे मिटून उचलला जातो : खिडकी उत्तरेची हवी. युरोपात तो बरोबर आहे, कारण तिथे उत्तरेच्या खिडकीत ऊन जवळपास येतच नाही आणि दिवसभर एकसारखा आकाशाचा उजेड मिळतो. सगळा महाराष्ट्र आणि गोवा मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबईत मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे शून्य सावलीचा दिवस येतो. मधल्या काळात भर दुपारीही तो उत्तरेकडे झुकलेला असतो. मार्च ते सप्टेंबर तो उगवतो आणि मावळतो तोही उत्तरेकडे सरकून, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपे ऊन येऊ शकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तर खिडकी अगदी पुस्तकातल्यासारखी वागते. म्हणून दिशेपेक्षा वेळ पाहावी. पूर्वेची खिडकी दुपारनंतर उत्तम, पश्चिमेची सकाळी; दक्षिणेच्या खिडकीला हिवाळ्यात पांढरी चादर लावली की ती चादरच उजेडाचा उगम होते. आपल्या खिडक्यांना ग्रिल असते आणि थेट उन्हात त्याच्या रेघा चेहऱ्यावर उमटतात. चादरीने त्याही जातात. समोरच्या इमारतीची भिंत पोपटी असेल किंवा काचेला गडद फिल्म लावलेली असेल तर तो रंगही उजेडाबरोबर आत येतो. अशा वेळी काच पूर्ण सरकवणे एवढाच उपाय, आणि समोरच्या सोसायटीने रंग बदलेपर्यंत दुसरी खिडकी शोधणे.

खिडकीजवळ उजेड भराभर घटतो, हे समूहाच्या फोटोत नडते. आजोबा खिडकीपासून तीन फुटांवर आणि नातू सहा फुटांवर असा आडवा समूह मांडला तर नातवाच्या वाट्याला निम्म्याहून कमी उजेड येतो. एकाचा चेहरा पांढरा फटक, दुसऱ्याचा काळोखात. म्हणून एकट्याचा फोटो खिडकीला बाजू करून काढावा आणि कुटुंबाचा खिडकीकडे तोंड करून, सहा-सात फूट आत सरकून, म्हणजे सगळे साधारण सारख्या अंतरावर राहतात. एकट्याच्या फोटोत पलीकडचा गाल फार काळा पडला तर सनबोर्डचा पांढरा तुकडा त्या बाजूला धरायचा. फ्लेक्स छापणाऱ्याकडे तो स्वस्तात मिळतो आणि वापर झाला की कपाटामागे जातो. उलट छोट्या पांढऱ्या खोलीत उजेड चहूकडून परतून चेहरा सपाट झाला तर त्या बाजूला काळी घोंगडी टांगावी. घोंगडीची खरखरीत लोकर उजेड गिळते. दुकानातला काळा मखमली पडदा याहून वेगळे काही करत नाही. घरातला ट्यूबलाइट मात्र बंद करावा. खिडकीचा निळसर उजेड आणि स्वस्त एलईडीचा हिरवट-पिवळट उजेड एकाच गालावर भेटले की ते नंतर कुठल्याही ॲपला निस्तरत नाही. पीच किंवा गुलाबी डिस्टेंपरच्या भिंतीजवळ माणूस बसवला तर तिचीही झाक कानशिलावर येते.

पार्श्वभूमीच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी स्वस्त गोष्ट म्हणजे पांढरा पडदा. तो खरोखर पांढरा दिसायचा तर त्यावर वेगळा उजेड टाकावा लागतो, आणि तो उजेड माणसाच्या कानांवर सांडू नये म्हणून माणूस पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे आणावा लागतो. बारा फुटांतले सहा तिथेच गेले. शिवाय कॅमेऱ्याचा मीटर समोर दिसेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. फ्रेम पांढऱ्याने भरली की तो उजेड कमी करतो आणि सावळ्या चेहऱ्याचे तपशील काळोखात जातात. करडा, खाकी, विटकरी, मातकट असा मधला रंग घेतला तर पडद्याला वेगळा दिवा लागत नाही, दोन फूट अंतर पुरते आणि चेहऱ्याचा हिशेब बिघडत नाही. कापड साधे असलेच पाहिजे असेही नाही. मालीतल्या बामाको शहरात सेदू केइता यांनी १९४८ साली स्टुडिओ काढला. अंगणात, दिवसाच्या उजेडात ते फोटो काढत आणि त्यांचा पहिला पडदा म्हणजे स्वतःच्या पलंगावरची नक्षीदार चादर होती. तिच्यासमोर बसलेल्या बायकांच्या कपड्यांची नक्षी आणि मागची नक्षी एकमेकींत मिसळून जे घडले ते आज विसाव्या शतकातल्या श्रेष्ठ व्यक्तिचित्रणात गणले जाते. सोलापुरी चादर आपल्या घरात असतेच. ती इस्त्री करून ताणून लावावी, कारण घडीच्या रेघा आडव्या उजेडात ठळक उठतात. हिरवा पडदा मात्र ज्याला नंतर मागे आयफेल टॉवर चिकटवायचा आहे त्याच्यासाठी; त्याची हिरवी झाक हनुवटीखाली येते ती वेगळीच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की खिडकीचा उजेड पुरत नाही. सगळे घरी असतात ते रात्री. पावसाळ्यात दुपारीही अंधारून येते. दोन रांगा स्पष्ट यायला लेन्सचे छिद्र लहान करावे लागते आणि मूल हलले तरी चालावे म्हणून शटर वेगवान ठेवावे लागते. या सगळ्यातून कॅमेऱ्यात पोचणारा उजेड कमीच होत जातो. आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर किटमधल्या सतत पेटणाऱ्या बल्बांत नाही. पंचेचाळीस वॉटचा बल्ब सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागात वीज वापरतो जेमतेम एक तृतीयांश ज्यूल. बॅटरीवर चालणारा साधा फ्लॅश एका झटक्यात पन्नास-साठ ज्यूल सोडतो. बल्ब विजेचा उजेड अधिक काटकसरीने करतो हे जमेला धरले तरी तफावत कित्येक दहापटींची राहते. आणि फ्लॅशला सॉफ्टबॉक्स लागतोच असे नाही. त्याचे तोंड छताकडे किंवा बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवले की ती भिंतच आठ-दहा फुटांची खिडकी होते. छोटी खोली, जी आतापर्यंत अडचण होती, ती इथे मदतीला येते. मंगल कार्यालयाच्या उंच सभागृहात ही युक्ती चालत नाही. छताऐवजी बाजूची भिंत बरी, कारण वरून येणाऱ्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. भिंत रंगीत असेल तर तिच्यावर पांढरी चादर टाकावी, नाहीतर पांढरी छत्री आणि एक स्टँड घ्यावा. काही हजारांत मिळणारा, हाताने कमीजास्त करता येणारा एक फ्लॅश ही दिव्यांतली एकमेव खरेदी जिच्यासाठी मी हटून बसेन. सतत पेटणाऱ्या दिव्यांची बाजू अगदीच लंगडी नाही : सावली कुठे पडते ते डोळ्यांना आधीच दिसते, तान्हे बाळ दचकत नाही, व्हिडिओही निघतो, आणि मोबाइलला बाहेरचा फ्लॅश सहजी जोडता येत नाही. पण तो दिवा घ्यायचा तर रंग नीट दाखवणारा, सीआरआय ९५ च्या आसपास असलेला घ्यावा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. फोटोत पट्टे आले तर शटर शंभरांश किंवा पन्नासांश सेकंदावर आणावे. रिंगलाइट चष्म्यांत गोल कडी उमटवतो आणि चेहऱ्याची घडणच पुसून टाकतो. तो बोलणाऱ्यांच्या व्हिडिओंना लखलाभ असो.

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात. मोबाइल चालतो का? चालतो. आठ बाय बारा इंचांचा उत्तम प्रिंट काढायला २४०० गुणिले ३६०० बिंदू, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या आसपास, एवढेच लागतात. मोबाइलची दोन कलमे मात्र बंद करावीत. एक पोर्ट्रेट मोड : तो मागची धूसरता हिशेबाने तयार करतो, त्यात चष्म्याची काडी आणि सुटलेले केस खाऊन टाकतो आणि दोन रांगांच्या फोटोत मागच्या रांगेलाच पार्श्वभूमी समजण्याचा घोळ घालतो. दुसरे ‘ब्यूटी’ नावाचे, जे कुणी न सांगता चेहरा गोरा करते. सावळा रंग ही दुरुस्त करण्याची गोष्ट आहे हे जुन्या स्टुडिओंतल्या रिटचिंगच्या ब्रशनेही गृहीत धरले होते. आता तेच गृहीतक कारखान्यातून बसवून येते. हातात अदलाबदलीच्या लेन्सचा कॅमेरा असेल तर त्याच्यासोबत आलेली साधी झूम लेन्स समूहाला पुरते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लोकप्रिय पन्नास मिलिमीटरची लेन्स ऐंशीसारखी वागते, तेव्हा एकट्यासाठी ती छान, पण कुटुंबासाठी ती पुन्हा फूट मागते. ट्रायपॉड हवाच.

खोली फारच लहान असेल तर स्टुडिओ दाराबाहेर न्यावा, आणि इथे आपल्या घरबांधणीत तयार सोय आहे. कोकणातल्या घराची पडवी, देशावरच्या वाड्याची ओसरी, चाळीची गॅलरी यांना वर छप्पर असते आणि एक बाजू उघडी असते. वरचा कडक उजेड छप्पर अडवते, समोरून मोकळ्या आकाशाचा येतो. काचेचे छप्पर आणि पडदे लावून जुने स्टुडिओ जे साधत तेच इथे गवंड्याने करून ठेवलेले आहे. माणसांना पडवीच्या कडेपासून दोन-तीन फूट आत, अंगणाकडे तोंड करून बसवायचे आणि कॅमेरा अंगणात. इथे मागे जायला फुटांची ददात नाही. इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली तेच काम करते. रिचर्ड ॲव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात खाणकामगार, गुराखी, हॉटेलातले वेटर अशा माणसांची जी प्रसिद्ध मालिका केली ती अशीच, उघड्यावर, सावलीत, मागे पांढरा कागद चिकटवून. आकाशाचा उजेड कागदावर आणि माणसांवर सारखाच पडत असल्याने पांढऱ्या पार्श्वभूमीची वर सांगितलेली अडचण तिथे उरत नाही. सावळ्या चेहऱ्यासाठी तेवढा उजेड थोडा वाढवून घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप सामानाचा नाही आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. स्टुडिओत जाणे हा एक प्रसंग होता. नवे कपडे, पावडर, रंगवलेल्या पडद्यावरचा ताजमहाल, आणि हनुवटी जरा वर करा असे वडिलांनाही बजावण्याचा अधिकार असलेला एक परका माणूस. मध्य प्रदेशातल्या नागदा गावातल्या स्टुडिओंवर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर पिनी यांनी १९९७ साली जे पुस्तक लिहिले, त्यात हीच गोष्ट तपशिलाने दिसते : लोक तिथे आहेत तसे दिसायला जात नव्हते, व्हायचे आहे तसे दिसायला जात होते. घरी हे सगळे विरघळते. भाचा फोटो काढणार म्हटले की मामा गंजीफ्रॉकवर शर्ट चढवून येतो, खाली लेंगा तसाच. आणि भाच्याने हनुवटी वर करायला सांगितली तर सगळे हसतात. हा तोटा मान्य करायला हवा, पण तो जागेने भरून काढता येतो. एक कोपरा, एक खुर्ची, एक कापड आणि ठरलेली वेळ एवढे पक्के केले की घरातही अदब येते, आणि आधी जोडीजोडीने, मग सगळ्यांचा असा क्रम ठेवला की भाच्याचे ऐकायची सवय लागते. टायमर लावून धावत येणाऱ्याच्या चेहऱ्यावर ती धावपळ उमटते. त्यापेक्षा ब्लूटूथचे छोटे रिमोट घ्यावे, ते शंभर-दोनशे रुपयांत येते.

घरच्या स्टुडिओची खरी सरशी होते ती वयस्क माणसांच्या बाबतीत. गुडघे धरलेली आजी दोन जिने चढून स्टुडिओत जात नाही, गेली तरी दमून बसते. मग पुढे भिंतीवर लावायला फोटो हवा झाला की कुणाच्या तरी लग्नाच्या समूहातून तिचा चेहरा कापून मोठा केला जातो, कडेला कुणाचा तरी खांदा अर्धवट राहतो आणि मागे फुगे. तिच्या नेहमीच्या खुर्चीत, तिला बरे वाटते त्या वेळी, खिडकी बाजूला आणि कॅमेरा सहा फुटांवर ठेवून दहा मिनिटांत होणारे हे काम आहे. चष्मा काढायला लावू नये. काचेत खिडकी दिसत असेल तर काड्या कानांवर किंचित उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब निघून जाते. आणि हा फोटो सगळ्यांच्या एकत्र फोटोच्या आधी काढावा, कारण समूह जमेपर्यंत तासभर जातो आणि त्या तासात सर्वांत आधी तीच दमते.